सार्वजनिक रुग्णालयांतील संशोधन

रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांची तपासणी व उपचार चालू असतानाच रोगाचे स्वरूप, निदानाच्या पद्धती आणि उपचारांची परिणामकारकता यांविषयी पद्धतशीर ज्ञान मिळविण्याच्या कार्यास रुग्णालयीन संशोधन म्हणतात. प्रयोगशाळेत जंतूंवर, ऊतकांवर किंवा प्राण्यांवर होणाऱ्या संशोधनापेक्षा ते वेगळे असते, कारण त्याचा विषय असलेली व्यक्ती त्याच वेळी मदतीसाठी आलेली असते. शासन, महानगरपालिका व अन्य सार्वजनिक संस्था यांनी चालविलेल्या रुग्णालयांत हा वेगळेपणा अधिक तीव्र होतो. तेथे रुग्णांची संख्या मोठी, रोगांचे प्रकार विविध आणि उपचार विनामूल्य वा अल्प खर्चात होत असल्यामुळे संशोधनास लागणारी सामग्री विपुल असते. परंतु त्याच कारणाने तेथे येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना दुसरीकडे जाण्याचा मार्ग नसतो. उपचार करणारा डॉक्टर समोरच्या रुग्णाचे हित पाहतो, तर संशोधक त्या रुग्णाच्या द्वारा पुढे येणाऱ्या रुग्णांचे हित पाहतो. सार्वजनिक रुग्णालयात या दोन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात.

पूर्वेतिहास : संशोधनासाठी सार्वजनिक रुग्णालयाचा उपयोग कसा होतो व त्याची किंमत कोण देतो, हे व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथील प्रसूतिविभागात गरीब व अविवाहित स्त्रियांना विनामूल्य सेवा मिळे. तिच्या मोबदल्यात त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून व सुइणींकडून तपासून घेणे अपेक्षित असे. विभागाचे दोन भाग होते : पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणत्या भागात दाखल व्हावयाचे हे केवळ वारावर अवलंबून असे. १८४६ साली पहिल्या भागात प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी ११·४ टक्के, तर दुसऱ्यात २·८ टक्के स्त्रिया मरण पावल्या. शहरातील स्त्रियांना हा फरक ठाऊक होता आणि पहिल्या भागात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून त्या गयावया करीत. इग्नाट्स झेमेलव्हाइस या तरुण डॉक्टरांनी त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला. शवविच्छेदन करताना बोटाला जखम होऊन एक सहकारी १८४७ मध्ये मरण पावले व त्यांच्या शरीरातील विकृती सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांमधील विकृतींसारख्याच आढळल्या. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांनीच रोग पसरतो, असे अनुमान झेमेलव्हाइस यांनी काढले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ मध्ये दोन्ही भागांतील मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. हा शोध कोणत्याही नव्या औषधाचा नव्हता. रुग्णालयाची सेवाच रोगाचे कारण होती आणि रुग्णालयाच्याच नोंदवहीने ते उघड केले.

उपचारांची आकड्यांच्या आधारे तुलना करण्याची प्रथा पॅरिसच्या रुग्णालयांत प्येअर ल्वी यांनी १८३० च्या दशकात पाडली व न्यूमोनियात रक्त काढण्याचा तत्कालीन उपचार फारसा उपयुक्त नसल्याचे दाखविले. तथापि कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा हे डॉक्टर स्वतः ठरवीत असल्यास बरे होण्याची शक्यता असलेले रुग्ण नकळत एका गटात जातात आणि तुलना फसवी ठरते. यावरील उपाय म्हणून यादृच्छिक वाटणीची पद्धत रूढ झाली. रुग्ण कोणत्या गटात जाईल हे यदृच्छेने ठरते व ते आधी कोणासही माहीत नसते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले स्ट्रेप्टोमायसिनचे परीक्षण या पद्धतीचा आदर्श मानले जाते. त्यात फुप्फुसाच्या क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध व विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ व दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. महायुद्धोत्तर ब्रिटनमध्ये हे औषध सर्वांना पुरेल एवढे नव्हतेच, त्यामुळे काही रुग्णांना ते न देण्याचे समर्थन करता आले. मात्र विश्रांतीच्या गटातील रुग्णांना आपण एका परीक्षणाचा भाग आहोत हे शेवटपर्यंत सांगितले गेले नव्हते. पद्धतीच्या काटेकोरपणाची कीर्ती जगभर पसरली. या मौनाची चर्चा पुष्कळ उशिरा सुरू झाली.

मुंबईतील आरंभ : भारतात या संशोधनाला मुंबईतील प्लेगच्या साथीने चालना दिली. १८९६ च्या साथीनंतर व्हॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. तुरुंगात असलेल्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आर्थर रोड रुग्णालयात (आताचे कस्तुरबा रुग्णालय) नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी प्लेगवरील रक्तरसाची परीक्षा पाहताना एकाआड एक रुग्णास रक्तरस देण्याची पद्धत वापरली. यादृच्छिक वाटणीची ती पूर्वपीठिका होय. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे दूषित झालेल्या लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ जणांचा मृत्यू झाला. त्यात हाफकिन यांच्यावर ठपका आला व पुढे तो दूर झाला, परंतु लोकांच्या मनातील धास्ती तेवढ्या सहजी दूर झाली नाही.

ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये गर्भवती स्त्रियांमधील एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा विकार विशेष आढळे. अपुऱ्या आहाराशी त्याचा संबंध असावा असे मानून त्यांनी विविध पदार्थांची परीक्षा केली व किण्वाचा अर्क दिल्याने रुग्ण सुधारतात असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ज्ञात झालेले फॉलिक अम्ल होय. आज गर्भवती स्त्रियांना सर्वत्र दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक अम्लाच्या गोळीचा उगम अशा रीतीने गिरणगावातील स्त्रियांच्या आजारात आहे. राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय हे महानगरपालिकेचे रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती. याच रुग्णालयातील रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आयुर्वेदीय वनस्पतीचा अतिरक्तदाबावरील गुण १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकातून मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले.

मद्रास येथील क्षयरोगाचे परीक्षण : सार्वजनिक सेवेतील संशोधनाचा भारतातील सर्वांत फलदायी प्रयत्न म्हणून मद्रास (चेन्नई) येथील परीक्षणाचा निर्देश करावा लागतो. १९५० च्या दशकात क्षयाचा रुग्ण म्हणजे आरोग्यधामात ठेवावयाचा रुग्ण, अशी वैद्यकीय धारणा होती. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, सकस आहार व कुटुंबापासून विलगता यांवाचून रोग बरा होत नाही, असे मानले जाई. भारतात रुग्णांची संख्या लाखांनी मोजावी लागे आणि खाटा काही हजारच होत्या. तेव्हा धारणा खरी असेल, तर बहुतेक रुग्णांना मरू देण्यावाचून गत्यंतर नव्हते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्र स्थापन केले व वॉलेस फॉक्स यांची त्यावर नेमणूक झाली. केंद्राने ही धारणाच परीक्षेस लावली.

शहराच्या गरीब वस्त्यांतील रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास आरोग्यधामात व दुसऱ्यास घरीच, परंतु दोहोंस आयसोनायाझिड व पॅस ही सारखीच औषधे वर्षभर देण्यात आली. घरच्या गटातील रुग्ण दाटीच्या खोल्यांत राहत, अपुरे अन्न खात आणि जरा बरे वाटताच कामावर जात. आरोग्यधामातील रुग्णांचा आहार पुष्कळच चांगला होता व त्यांचे वजनही अधिक वाढले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर ज्यांच्या थुंकीतून जंतू नाहीसे होऊन रोग निवळला अशा रुग्णांचे प्रमाण घरच्या गटात ८६ टक्के व आरोग्यधामाच्या गटात ९२ टक्के होते. या दोहोंतील अंतर आरोग्यधामाचा आग्रह धरण्याइतके मोठे नव्हते. रुग्ण घरी राहिल्यामुळे कुटुंबातील इतरांना रोग होण्याचा धोका वाढत नाही, हेही पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसून आले. उपचार सुरू होण्यापूर्वीच संसर्ग व्हावयाचा तेवढा होऊन गेलेला असतो. जगभरची क्षयरोग आरोग्यधामे पुढील काही दशकांत बंद पडली, त्यांमागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे [⟶ क्षयरोग].

या परीक्षणाची एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. घरी उपचार म्हणजे केवळ गोळ्या घरी नेणे नव्हे. केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, लघवीची तपासणी करून औषध घेतले की नाही ते पाहत आणि न येणाऱ्या रुग्णास शोधून काढीत. संशोधनाच्या काटेकोरपणासाठी केलेली ही व्यवस्थाच उत्तम सेवा ठरली होती. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा परीक्षणातून औषधे उचलली गेली. पाठपुरावा मात्र त्या प्रमाणात उचलला गेला नाही. १९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेण्यात आला, त्या वेळी औषधोपचार पूर्ण करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचे आढळले. समक्ष देखरेखीखाली औषध देण्याचे तंत्रही मद्रासच्या याच केंद्रात १९६० च्या दशकात विकसित झाले होते. ते १९९७ पासून सुधारित कार्यक्रमाच्या रूपाने देशभर टप्प्याटप्प्याने लागू झाले. ज्ञान व त्याचा वापर यांत गेलेला हा तीस वर्षांहून अधिक काळ केवळ प्रशासकीय दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही. परीक्षणाचा निष्कर्ष औषध व सेवा यांच्या जोडीविषयी असतो. औषधापुरताच तो वाचला की चुकीचा वाचला जातो.

नियंत्रण गटाविना संशोधन : प्रत्येक प्रश्नास यादृच्छिक परीक्षण लागते असे नाही आणि काही प्रसंगी ते करणे अनुचित असते. १९७१ मध्ये बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील रुग्णालयात रुग्ण जमिनीवर पडलेले असत व शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते. दिलीप महलानबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण पिंपांत भरून ठेवले व ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपविले. छावण्यांत आधी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण तोंडावाटे द्रव घेणाऱ्या रुग्णांत ३·६ टक्क्यांवर आले. येथे तुलनेसाठी काही रुग्णांना पाण्यावाचून ठेवण्याचा विचारही कोणी करू शकला नसता. जलसंजीवनी या नावाने हे मिश्रण आज घरोघरी माहीत आहे.

महाराष्ट्रातील विंचूदंशाचे संशोधन याच जातीचे आहे. कोकणात आढळणाऱ्या तांबड्या विंचवाच्या दंशाने, विशेषतः मुलांचा, काही तासांत मृत्यू होत असे. लोकसमजुतीत खरी भीती मोठ्या काळ्या इंगळीची, पण तिचा दंश त्यामानाने सौम्य असतो. महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणाऱ्या हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. केंद्रात अतिदक्षता कक्षाची साधने नव्हती. नाडी, रक्तदाब, श्वसन व त्वचेचा स्पर्श हीच तपासणीची साधने होती. त्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांना ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात व मुलग्यांमध्ये शिश्नास ताठरता येते, अशा रुग्णांचे हृदय पुढे निकामी होऊ लागते व फुप्फुसांत पाणी साचते. या पूर्वलक्षणांचे वर्णन १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

विषामुळे तंत्रिकांच्या टोकांपाशी ॲड्रेनॅलिनासारखी द्रव्ये प्रचंड प्रमाणात स्रवतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावरील भार असह्य होतो, ही क्रिया ध्यानात घेता वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग व्हावा असे अनुमान निघत होते. अतिरक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी हिंमतराव व प्रमोदिनी बावस्कर यांनी दिली व तिच्या उपयुक्ततेचा वृत्तांत १९८६ मध्ये मांडला. गंभीर दंशात पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एका टक्क्याच्याही खाली आले. गोळी तोंडावाटे देण्याजोगी व अल्प किमतीची असल्यामुळे ती ज्या केंद्रात शोध लागला तशाच शेकडो केंद्रांत देता आली, ही गोष्ट शोधाइतकीच महत्त्वाची आहे. यानंतर विंचूप्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा मात्र यादृच्छिक परीक्षण उचित ठरले, कारण आता दोन्ही गटांना प्राझोसिन मिळणार होते व प्रश्न केवळ प्रतिविषाने अधिक लाभ होतो काय एवढाच होता. महाड येथील खाजगी रुग्णालयात ७० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण केवळ प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८, तर प्रतिविषही दिलेल्या गटात ३५ पैकी ३२ होते.

संशोधनाची दैनंदिन बाजू : अशी उदाहरणे विरळा आहेत. सार्वजनिक रुग्णालयांत संख्येने सर्वाधिक संशोधन पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी होते. निवासी डॉक्टरांनी रात्रपाळीच्या धावपळीत जमविलेल्या या माहितीतील बरीच पदवी मिळताच कपाटात जाते. रुग्णसंख्या अपुरी असल्याने तिच्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाहीत आणि पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी जवळजवळ तोच विषय घेतो. नोंदी हा दुसरा कच्चा दुवा होय. बाह्यरुग्णाचा केसपेपर बहुधा रुग्णाच्याच पिशवीत राहतो, तो भिजतो किंवा हरवतो आणि रुग्ण नवा केसपेपर काढतो. सहा महिन्यांनी त्या रुग्णाचे काय झाले, हा रुग्णालयीन संशोधनातील सर्वांत साधा प्रश्न असून त्याचेच उत्तर अनेकदा मिळत नाही. ज्या नोंदी रुग्णाची शुश्रूषा चांगली होण्यासाठी हव्यात त्याच संशोधनासाठीही हव्या असतात. त्यामुळे एकीकडे हयगय झाली की दुसरीकडेही नुकसान होते.

अनेक रुग्णालये एकत्र आली, तर थोडक्या काळात किती उलगडा होऊ शकतो हे कोव्हिड–१९ च्या साथीत दिसले. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या १७६ रुग्णालयांत नेहमीच्या सेवेतच गुंफलेल्या परीक्षणाने डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त स्टेरॉइडामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४१·४ टक्क्यांवरून २९·३ टक्क्यांवर येते, असे जून २०२० मध्ये दाखविले. भारतात अनुसंधान परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात ३९ सरकारी व खाजगी रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर रोगमुक्तांच्या रक्तद्रवाचे (प्लाझ्माचे) परीक्षण केले. रोग बळावणे वा मृत्यू येणे यांचे प्रमाण रक्तद्रव दिलेल्यांत १९ टक्के व न दिलेल्यांत १८ टक्के आढळले, म्हणजे लाभ दिसला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध होऊनही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रुग्णांचे नातेवाईक रक्तद्रवासाठी गावोगाव वणवण करीत होते. राष्ट्रीय उपचारसूचनांतून तो मे २०२१ मध्ये वगळण्यात आला.

संमती व नियमन : नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतरची न्यूरेंबर्ग संहिता (१९४७) व जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा (१९६४ व नंतरच्या सुधारणा) यांनी रुग्णाची माहितीपूर्वक संमती ही संशोधनाची पहिली अट ठरविली. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये धोरणपत्र व २०००, २००६ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००५ नंतर परदेशी औषधकंपन्यांची परीक्षणे भारतात वाढली व त्यांतील गैरप्रकारांविषयी इंदूर येथील स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नुकसानभरपाईचे नियम कडक झाले. २००९ पासून औषधपरीक्षणांची सार्वजनिक नोंदणी सक्तीची असून २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक परीक्षणास नीतिसमितीची मान्यता लागते. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा व सदस्यांत कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक व स्त्री यांचा समावेश असावा लागतो. परीक्षणामुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाई देण्याची जबाबदारी परीक्षण करविणाऱ्यावर असते.

निरक्षर रुग्णाला संमतिपत्र निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवून त्याचा अंगठा घेण्याची तरतूद आहे. परंतु अंगठा उमटणे म्हणजे आशय पोहोचणे नव्हे. पहाटेची गाडी पकडून आलेला, रांगेत तीन तास उभा राहिलेला रुग्ण ‘डॉक्टरसाहेब म्हणतील ते’ असे म्हणून सही करतो. त्यात विश्वास असतो, तसेच नाही म्हटले तर खाट मिळणार नाही ही भीतीही असते. आपल्याला दिले जाणारे सर्व काही आपल्याच भल्यासाठी निवडले आहे, असा त्याचा समज असतो, तर प्रत्यक्षात उपचाराची निवड यदृच्छेने झालेली असते. यावर लांबलचक संमतिपत्र हा उपाय नव्हे. रुग्णाच्या बोलीत बोलणारी व उपचारांशी संबंध नसलेली व्यक्ती, घरच्यांशी बोलून येण्यास दिलेला एखादा दिवस आणि नकारानंतरही तीच खाट व तोच डॉक्टर मिळेल याचा प्रत्यक्ष अनुभव या गोष्टी अधिक उपयोगी पडतात.

तुलना गटाचा प्रश्न : संमतीपेक्षाही अवघड प्रश्न तुलना गटाला काय द्यावे हा आहे. महाराष्ट्रात तो गर्भाशयाच्या ग्रीवेच्या कर्करोगाच्या संदर्भात उभा राहिला. या कर्करोगाची पूर्वावस्था ओळखण्यासाठी श्रीमंत देशांत पेशींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी अनेक दशके होत असे, परंतु तिला प्रयोगशाळा व तज्ज्ञ लागतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा २० वस्तीगटांत अभ्यास केला. निम्म्या गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली. दहावीपर्यंत शिकलेल्या व काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ग्रीवेला सौम्य ॲसिटिक अम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आंबट घटक, लावून पांढरे चट्टे उमटतात काय ते पाहत. उरलेल्या गटांतील स्त्रियांना एकदा आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा एवढेच मिळाले. बारा वर्षांअखेर तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले व तो निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामगटांत १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात विषाणूची एकच चाचणी केल्याने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, ॲसिटिक अम्लाच्या एकाच तपासणीचा मात्र स्पष्ट लाभ दिसला नव्हता.

या परीक्षणांवर परदेशांतून व भारतातूनही कठोर टीका झाली. तपासणी उपयुक्त असते हे ठाऊक असताना हजारो स्त्रियांना ती वर्षानुवर्षे का दिली नाही आणि अन्यत्र उपलब्ध असलेल्या चाचणीची माहिती त्यांना पुरेशी दिली होती काय, असे आक्षेप होते. उलट, ज्या देशात या स्त्रियांना कोणतीच तपासणी मिळत नाही तेथे तुलना प्रत्यक्ष स्थितीशीच करावयास हवी व शासनाला परवडेल अशी पद्धत सिद्ध झाल्याखेरीज कार्यक्रम सुरू होणार नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना वजन आहे. तथापि दुसऱ्या युक्तिवादात एक वचन अध्याहृत असते, ते असे की, निष्कर्ष हाती येताच सेवा सुरू होईल. तुलना गटातील स्त्रियांनी सोसलेल्या धोक्याचे समर्थन त्या वचनावर अवलंबून राहते.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये मुख, स्तन व गर्भाशयग्रीवा यांच्या कर्करोगांच्या तपासणीच्या कार्यवाहीसूचना काढल्या. त्यांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी, ॲसिटिक अम्लाच्याच पद्धतीने, तपासणी व्हावयाची आहे. तिचे काम उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याकडे सोपविण्यात आले असून, चट्टा आढळल्यास रुग्णास पुढील निदान व उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. २०१९–२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १·९ टक्के आढळले.